घरून हरकत

मॅडमनी चष्मा काढून पर्सच्या वरच्या कप्प्यात टाकला, खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध ठेवली, तिच्यावर बसल्या आणि बघता बघता गिऱ्हाईक झाल्या. ओठ आवळले गेले. पर्स पोटाशी अशी धरली गेली, जणू समोरचा माणूस ती हिसकावूनच नेणार आहे. एक डोळा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि एक दाराकडे.

"या काका," त्या म्हणाल्या, आणि आवाजही त्यांचा राहिला नाही, "पण लवकर सांगा हं. गॅसवर दूध ठेवून आलेय मी."

वर्ग फिस्सकन हसला. बँककाका समोरच्या खुर्चीत अर्धेच टेकले. सगळा जन्म बँकेच्या काचेमागे काढून काका निवृत्त झाले होते आणि आता विमा एजंट व्हायला निघाले होते, कारण दिवसभर घरात बसलेला नवरा बायकोला सोसेना. हे गुपित त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतःच वर्गाला सांगून टाकलं होतं.

"नमस्कार. मी विम्याकडून आलोय," काका म्हणाले.

"विम्याला माझाही नमस्कार सांगा."

आता मात्र वर्ग खो-खो हसला. पहिल्या बाकावरच्या मुलीने तर डोकंच बाकावर टेकवलं. तिचं नाव रेडिओ. आईवडिलांनी दुसरं काहीतरी ठेवलं असणार, पण सकाळी सुरू झालेली ही पोरगी संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत बंद होत नसे, त्यामुळे ते नाव आता कुणाच्या लक्षातही नव्हतं.

काकांनी मात्र नेटाने किल्ला लढवला. आकडेमोड तर त्यांच्या हातचा मळ. हप्ता किती, मुदत किती, आजारपणात काय मिळेल, सगळं कसं आरशासारखं लख्ख सांगितलं. मॅडम मान डोलावत राहिल्या. शेवटी त्यांनी समाधानाचा एक मोठा सुस्कारा सोडला.

"काका, पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. फक्त असं करते, घरी विचारून सांगते."

"हो हो, अवश्य!" काका म्हणाले. "घरी विचारलंच पाहिजे." त्यांनी पेनाला टोपण लावलं, कागद पिशवीत भरले, दोनदा आभार मानले आणि उठून स्वतःच्या जागेवर जाऊन बसलेसुद्धा.

"काका, गिऱ्हाईक पळालं की तुम्ही?" रेडिओ म्हणाली.

मॅडमनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला आणि फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, हरकत. त्यांचं अक्षर असं होतं की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्यालाही ते टपली मारून उठवायचं.

"गिऱ्हाईक कधीच नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक हरकत घेतं. हप्ता जास्त आहे, ही हरकत. मेहुणा विम्यातच आहे, ही हरकत. आणि घरी विचारून सांगते, ही सगळ्या हरकतींची महाराणी. घराला पुढे करायचं आणि आपण मागच्या दाराने पसार व्हायचं. मग आपण काय म्हणायचं?"

वर्गाने पाढा म्हणावा तसा सूर लावला, "अगदी बरोबर! घरी कोण ठरवतं? मग त्यांच्यासमोरच बोलू या. कधी येऊ?"

"पण मॅडम," काकांनी हात वर केला, "एखाद्याला खरंच घरी विचारायचं असेल तर?"

"तर तो घरी जाऊन विचारतो, काका. तुम्हाला सांगत बसत नाही."

पुन्हा हशा. मॅडमही हसल्या. मग खडू ठेवून, हात झटकत, त्यांनी दर तुकडीला सांगायचं ते सांगितलं. हरकतीला भिऊ नका. जो फाटे फोडतो, कटकट करतो, त्याला तुमची वस्तू हवी असते. ज्याची कशालाच हरकत नसते, जो नुसता छान छान म्हणतो, तिथून मुकाट्याने उठा. त्याला तुमच्याशी काही देणंघेणं नाही. हे वाक्य त्यांनी इतक्या तुकड्यांना सांगितलं होतं की ते त्यांच्या तोंडून ओल्या साबणासारखं सटकन निसटून जायचं. त्याचा अर्थ हाताला लागायचाच नाही.

तास संपता संपता शिपायाने दारातून मान आत घातली. साहेबांनी बोलावलं होतं.

साहेब म्हणजे शाखेचे मोठे साहेब खरे, पण कधीकाळी मॅडमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसलेले. पहिल्या परीक्षेत आपटलेले. त्यामुळे मॅडम केबिनमध्ये आल्या की ते खुर्चीतून अर्धवट उठायचे आणि मग आपण साहेब आहोत हे आठवून तसेच मधल्यामध्ये लोंबकळत राहायचे. आजही तेच झालं.

"मॅडम, बसा. बातमी अशी आहे की तोंड गोड करायला हवं."

कंपनी दुसऱ्या शहरात नवं प्रशिक्षण केंद्र काढत होती. मोठं, चकचकीत, काचेच्या इमारतीत. त्याच्या प्रमुख म्हणून मॅडमचं नाव पक्कं झालं होतं. स्वतंत्र केबिन, हाताखाली चार माणसं, राहायला कंपनीचं घर. इथला वर्ग त्यांच्यामागे कुणीतरी नवा माणूस घेईल.

"तुमच्याइतकं कोण लायक आहे हो? मीच सांगितलं त्यांना. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. आत्ता हो म्हणालात तर आत्ताच कळवून टाकतो."

"घरी विचारून सांगते," मॅडम म्हणाल्या.

"अगदी बरोबर!" साहेब म्हणाले. "घरी कोण ठरवतं?"

"आत्या."

तिन्ही वाक्यं जिन्यावरून चेंडू घरंगळत यावा तशी एकामागून एक आली. कुणी ढकललं, कळलंच नाही. कोपऱ्यातल्या एसीची घरघर तेवढी ऐकू येऊ लागली. साहेबांचे कान लाल झाले. गेल्या वर्षी आत्या गेली तेव्हा ते स्वतः मॅडमच्या घरी आले होते आणि दाराशी उभे राहून नुसती मान हलवत होते. पाढ्यातली पुढची ओळ, मग त्यांच्यासमोरच बोलू या, त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभी होती. त्यांनी ती गिळली.

"उद्या सांगा, मॅडम," ते टेबलावरच्या कीबोर्डला म्हणाले. "घाई नाही तशी."

मॅडमनी पर्स उचलली. दाराबाहेर आल्यावर त्यांना वाटलं, आपण खोटं बोललो नाही, पळही काढला नाही. ती हरकत नव्हतीच. ती नुसती सवय होती.

घर म्हणजे आत्या. मॅडमना कळायला लागल्यापासून हे असंच होतं. आईवडील फोटोत होते, आणि आत्या घरात होती. ऑफिसात त्यांची थट्टा चालायची, की सगळ्यांचं हेड ऑफिस राजधानीत असतं, मॅडमचं स्वयंपाकघरात. काहीही निघालं, कुणाच्या लग्नाला जायचं, सहलीला जायचं, नवे पडदे घ्यायचे, की मॅडम म्हणायच्या, घरी विचारून सांगते. आणि खरंच विचारायच्या. आणि आत्या खरंच नाही म्हणायची. म्हणजे सरळ नाही नव्हे. आत्या म्हणजे हरकतींचा कारखानाच. पडदे? धूळ धरतील. सहल? परत येताना अंधार पडेल. दुसऱ्या गावी शिकवायला जायचंय? तिथलं पाणी बाधेल तुला, आधीच तुझं पोट नाजूक. रोज संध्याकाळी मॅडम एकेक हरकत खोडून काढायच्या, आत्या नवी काढायची, आणि जेवणं होईपर्यंत दोघी घसा बसेस्तोवर भांडायच्या. मग आत्या म्हणायची, "जा बाई, तुझ्या तोंडाला कोण लागणार!" आणि सकाळी डब्यात दोन घास जास्तच भरायची.

त्या संध्याकाळी मॅडम घरी आल्या, कुलूप उघडलं, दिवा लावला, पातेल्यात अंडं उकडत ठेवलं आणि ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. विचार नीट करायचा होता. शिस्तीत. जायला काय हरकत आहे?

त्यांनी आधी दादाला फोन लावला. दादा म्हणजे चुलतभाऊ, वर्षातून चार-सहा वेळा फोन करणारा, पण मनाने मोकळा.

"अगं वा! झकास!" दादा ओरडला. पाठीमागे टीव्ही आणि मुलं दोन्ही पेटलेली होती. "ए, ऐकलं का, ताई साहेब झाली! अगं मग विचारतेस काय? जा की!"

"नाही, म्हटलं, तुम्हा लोकांची काही..."

"आमची? आमची कसली हरकत असणार! आणि तुझं बरं आहे गं, सडाफटिंग. ना कुणाचा डबा, ना कुणाची शाळा. बॅग भरली की निघालीस. आमच्यासारखं नाही. इथे साधं दुकानात जायचं तर चार जणांची सही लागते."

"हो, ते आहेच."

"मग? मज्जा आहे बुवा तुझी!"

दादा अगदी मनापासून बोलत होता. मॅडमनी त्याचे आभार मानले, मुलांची चौकशी केली आणि फोन ठेवला.

अंडं सोलत असताना समोरच्या घरातल्या वहिनी आल्या. मॅडमच्या घराची जास्तीची चावी त्यांच्याकडे असायची. त्यांचं पार्सल चुकून मॅडमकडे येऊन पडलं होतं, ते न्यायला आल्या होत्या. मॅडमनी सांगायचं नाही म्हणता म्हणता सांगितलं.

"अय्या! अभिनंदन!" वहिनींनी पार्सल छातीशी धरून एक गिरकीच घेतली. "कधी निघायचं?"

"अजून ठरलं नाही. विचार करतेय."

"विचार कसला करायचा त्यात? अशी संधी काय रोज येते?" मग त्यांची नजर मॅडमच्या खांद्यावरून आत गेली, खिडकी, छत, बाथरूमचं दार, सगळीकडे फिरली आणि जरा लाजून परत आली. "अहो, एक विचारू? राग मानू नका हं. घर भाड्याने देणार का? माझा भाऊ शोधतोय कधीचा. चावी तर आहेच माझ्याकडे."

"बघू," मॅडम म्हणाल्या.

"बघा हं! पहिला हक्क आमचा!"

दार लागलं. मॅडम परत ओट्याशी आल्या. अंडं गार झालं होतं. त्यांनी त्यावर मीठ भुरभुरवलं आणि खाल्लं नाही.

दूधवाल्याला एक फोन केला की दूध बंद होणार होतं. झाडं त्यांनी लावलीच नव्हती. मांजर होतं, पण ते साऱ्या इमारतीचं होतं. कुठल्याही दारात बसायचं, कुणाच्याही वाटीतलं प्यायचं. एकेक करून त्या सगळं तपासत गेल्या. दाराच्या कडीपासून गॅलरीतल्या दोरीपर्यंत, घरात एकही वस्तू अशी नव्हती की जिने त्यांचा पदर धरावा.

"पाणी बाधेल," मॅडम मोठ्याने म्हणाल्या.

रिकाम्या घरात स्वतःचा आवाज ऐकून त्या जराशा दचकल्याच. पण मग, सवयीने, त्यांनी उत्तरही दिलं.

"कंपनीच्या घरात फिल्टर असणार."

"अंधार पडेल."

"रस्त्यावर दिवे आहेत."

"आजारी पडलीस म्हणजे?"

"इमारतीला लागूनच दवाखाना आहे. शिवाय पॉलिसी आहे माझी."

एकही हरकत त्यांच्यापुढे धड श्वासभर टिकेना. एवढ्या वर्षांची विद्या. आत्या निदान दुसरी काढायची, तिसरी काढायची, चिडून भांडं आपटायची. इथे तिसऱ्या उत्तरानंतर पलीकडून काहीच आलं नाही. मॅडम थोडा वेळ थांबल्या, कुणी बोलणार असेल तर त्याला जागा द्यावी तशा. मग त्यांनी ओटा पुसला. पुसलेलाच होता, तरी पुसला.

सकाळपर्यंत बातमी ऑफिसभर झाली होती. फाटकावरच्या वॉचमनने सलाम ठोकला तो नेहमीपेक्षा कडक. लिफ्टमध्ये हिशेब विभागातल्या बाई म्हणाल्या, "छान झालं हो." त्यांच्यासोबतचा माणूस म्हणाला, "फारच छान." मॅडम पुढच्याच मजल्यावर लिफ्टमधून उतरल्या आणि उरलेले मजले जिन्याने चढू लागल्या.

जिन्यातच रेडिओने गाठलं. एका हातात केळं, एका हातात मोबाइल, आणि दोन्ही वापरणं चालूच.

"मॅडम! कळलं हं मला! भारी! म्हणजे आमचं वाईटच, पण तुमचं भारी! जाताय ना?"

"अजून नक्की नाही. घरी विचारते म्हणाले होते."

"मग विचारलंत? काय म्हणाले? माझ्या घरी तर बाई कुरुक्षेत्र झालं असतं. घरी कोण कोण असतं हो तुमच्या?"

ही तुकडी नवी होती. आत्याचं तिला ठाऊक असायचं काही कारणच नव्हतं. मॅडमनी जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला. उत्तर त्यांनी जुळवलं नाही, ते आपसूक आलं.

"मी असते."

रेडिओला तो विनोद वाटला. ती खळखळून हसली आणि केळ्याचा शेवटचा तुकडा तोंडात टाकून, भरल्या तोंडाने म्हणाली, "बरं, मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय?"

"नाही, म्हणजे घरी तुम्हीच असता ना? मग तुम्ही तुम्हाला विचारलंच असेल ना. तर काय उत्तर आलं?"

काल साहेबांनी लायकी सांगितली होती, दादाने मोकळीक सांगितली होती, वहिनींनी संधी सांगितली होती. आणि स्वतः मॅडमनी दूधवाल्यापासून मांजरापर्यंत सगळ्यांची हरकत विचारून पाहिली होती.

"विचारलंच नाही," त्या म्हणाल्या.

"अहो मग विचारा की!" रेडिओ म्हणाली, आणि सालीसाठी डबा शोधत दोन-दोन पायऱ्या टाकत वर पळाली. वरच्या मजल्यावर तिचा आवाज दुसऱ्याच कुणाशी तरी बोलायला लागलासुद्धा.

मॅडम तिथेच, पायरीवर बसल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या ऑफिसच्या जिन्यात बसल्या असतील. पर्स मांडीवर ठेवली. चष्मा काढला. पण या वेळी ओठ आवळले नाहीत, घड्याळाकडे डोळाही गेला नाही. वरून कुणीतरी फायली घेऊन उतरलं, "बरं वाटत नाही का मॅडम?" म्हणालं. मॅडम नुसत्या हसल्या आणि भिंतीकडे सरकून त्यांना वाट करून दिली. चष्मा पुसायला रुमाल काढला होता. तो त्यांनी आधी डोळ्यांना लावला, मग चष्म्याला.

साहेब आज पूर्ण उभे राहिले.

"या मॅडम. मी काल... म्हणजे काल माझ्या तोंडून..."

"घरी विचारलं," मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी टेबलावरचं पेन उचललं आणि परत ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "मग? काय म्हणाले?"

म्हणाले कोण, ते त्यांना माहीत नव्हतं, आणि आपण कुणाबद्दल विचारतोय हेही. पण त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"नको म्हणतायत."

"काही कारण?"

"कारण नाही सांगत. मी सगळं समजावून पाहिलं. केबिन आहे, घर आहे, फिल्टर आहे, दवाखाना आहे. पटतं त्यांना, पटत नाही असं नाही. पण नको म्हणतायत." मॅडम हसायला गेल्या, आणि ते हसू अर्ध्यावर राहिलं. "सकाळपासून रडतायत जराशा."

एसी घरघरत होता. साहेबांनी हात लांब करून तो बंद केला. मग ते उठले, केबिनचं दार आतून लोटून घेतलं आणि टेबलाला वळसा घालून, अलीकडच्या बाजूला, मॅडमच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसले.